दिवे बंद केले त्या संध्याकाळी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही: मळवलीला आमच्या शेजारचा बंगला राखणाऱ्या मावशींचं काम माझ्यामुळे गेलं.

मावशी आधी हसायच्या, मग बोलायच्या. आभाळातलं काही दाखवायचं तर बोट न करता हनुवटी उचलायच्या. नवा सापडलेला धूमकेतू त्या आठवड्यात संध्याकाळी लोहगडाच्या अंगाला दिसणार होता, पण बंगल्याच्या झगझगाटात मला तो सापडेना. म्हटलं, "मावशी, जरा दिवे बंद कराल?"

"शेंडेनक्षत्र व्हय? त्यानं राजा मरतो म्हणत्यात. आपल्याला कसलं भ्या, आपुन कुटं राजं!" हसत त्यांनी सगळे दिवे बंद केले. दोघांनी तो पुसट झाडू डोळे भरून पाहिला.

मालकांनी मुंबईत बसून मोबाइलवर कॅमेऱ्यातला अंधार पाहिला. सकाळीच ते आले.

"दिवे का बंद होते?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इसरले मी," म्हणाल्या.

मी कुंपणापाशीच होतो. मालकांशी शेजारसंबंध बिघडतील म्हणून गप्प राहिलो. काम गेलं, त्याबरोबर मागची राहती खोलीही गेली. मावशी कुठे गेल्या, हे मी कधी विचारलं नाही.

मालक आजही शनिवारी येतात, मला हात करतात. दिवे मीच बंद करायला लावले, हे त्यांना सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.