भोंग्याची कवळी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दात बनवतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माणसाच्या तोंडात बघतो, माप घेतो आणि दाजींकडे पाठवून देतो. दाजी घरामागच्या खोलीत बसून त्या मापावर कवळी घडवतात. खोलीभर प्लास्टरची भुकटी, बारक्या शेगडीवर वितळणारं मेण आणि खिडकीत ओळीने वाळत ठेवलेले जबडे. पहिल्यांदा घरी आलेला माणूस चहा अर्धा टाकून उठतो. एवढी तोंडं घडवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र घरात तोंड उघडत नाही. जेवताना "मीठ" म्हणाले, तर आज बऱ्याच गप्पा झाल्या असं ताई धरते.

पण फुटबॉलच्या मैदानावर त्यांचं तोंड सुटायचं. आमचा क्लब पिवळ्या शर्टांचा, आणि हरण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. दाजी एकही मॅच सोडत नसत, परगावची तर नाहीच. क्लबच्या खटारा बसमध्ये पुढची जागा त्यांची, शेजारी मी. ते आई-बहिणीवर कधी घसरत नसत. सगळा राग दातांच्या वाटेने काढायचे. रेफरीची अक्कलदाढ डॉक्टरने अकलेसकट उपटलीय, आपल्या गोलकीपरच्या पायांमधली फट तार लावून बुजवायला हवी, असलं काहीतरी.

शेजारच्या गावचा क्लब काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टांचा; त्या पट्टेवाल्यांशी आमचं वैर. ते कशावरून सुरू झालं हे दोन्हीकडे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मिटवायची सोय नाही. ते आम्हाला 'कावीळ' म्हणतात, आम्ही त्यांना 'कैदी'. त्यांच्या मैदानात आमच्यासाठी एक कोपरा आहे आणि त्यावर पाटी आहे, 'पाहुण्यांसाठी'. पाहुणचार असा, की बाजूंना जाळी, संडासाला दार आहे पण कडी नाही, आणि मॅच संपली की यजमान घरी जाऊन पाय धुवेपर्यंत पाहुणे कोंडलेले.

त्या जाळीच्या पलीकडे, अगदी कडेच्या खुर्चीत, भोंगा बसायचा. भोंगा म्हणजे त्यांच्या भाजीबाजारात लिलाव पुकारणारा म्हातारा. आवाज असा, की मैदानातल्या लाउडस्पीकरने लाजावं. त्याचं आणि दाजींचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं भांडण.

"काय रे कावीळ, उतरली की नाही अजून?" तो ओरडायचा.

"भेटायची वेळ संपली, कैद्या! आत जा!" दाजी इकडून.

एकमेकांचं नाव विचारायची गरज दोघांनाही कधी पडली नव्हती.

एकदा त्यांच्याच मैदानात चमत्कार झाला. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि मॅच संपत आली होती. दाजींनी भोंग्याचा बाप काढायचा तेवढा बाकी ठेवला होता. तेवढ्यात पट्टेवाल्यांनी बरोबरी साधली. भोंगा खुर्चीवर चढला, छातीचा भाता फुगवला आणि "गोऽऽल" म्हणून अशी आरोळी ठोकली, की त्या आरोळीबरोबर वरची कवळी तोंडातून सुटली, फाटलेल्या जाळीच्या भगदाडातून आली आणि आमच्या बसच्या ड्रायव्हरच्या मांडीवर पडली.

गोल झाला हे आमची मंडळी विसरलीच. "कप मिळाला! कप मिळाला!" म्हणत ती कवळी डोक्यांवरून फिरायला लागली. आमच्या क्लबचे सेक्रेटरी, एरवी भारी सभ्य गृहस्थ, ती दोन्ही हातांनी उंचावून फोटो काढून घेत होते. मग कुणाचा तरी धक्का लागला, कवळी खाली पडली आणि कुणाच्या तरी बुटाखाली तिचे दोन तुकडे झाले. हशा आणखी वाढला. दाजीही पोट धरून हसत होते.

हसता हसता त्यांनी जाळीपलीकडे पाहिलं. भोंगा खाली बसला होता. तोंडावर तळहात गच्च दाबलेला. त्याच्या भोवती त्याचेच लोक नाचत होते आणि त्याला नाचता येत नव्हतं. दाजींचं हसू जागच्या जागी थिजलं.

"द्या इकडे ते," ते म्हणाले.

"राहू दे हो!" सेक्रेटरी म्हणाले. "क्लबच्या कपाटात ठेवू. रिकामंच आहे."

"कपाटात पहिला कप ठेवायचा तो दुसऱ्याच्या थुंकीचा?"

त्यांनी दोन्ही तुकडे वेचले आणि भोंग्याला दिसावेत म्हणून जाळीपाशी धरले. भोंग्याला वाटलं, हा चिडवतोय. त्याने एका हाताने तोंड झाकून दुसऱ्या हाताने जी खूण केली, ती इथे सांगण्यासारखी नाही. पोलिसाने दाजींना मागे ढकललं. तुकडे खिशात राहिले.

ते ताईला कपडे धुताना सापडले. "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात बाईचा केस सापडतो," ती म्हणाली, "आमच्याकडे अख्खं तोंड सापडलं."

दाजींनी तुकडे जोडले, घासले, उजेडात धरून पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "बसतच नसणार ही. इतकी वर्षं हा माणूस जिभेने कवळी सावरत मला शिव्या देत होता." त्या आवाजात, मला वाटतं, आदर होता.

मग एका सकाळी मला बरोबर घेऊन ते पट्टेवाल्यांच्या गावी निघाले. मॅच नसताना त्या गावात आम्ही पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. भाजीबाजारात शिरलो आणि कोबीची पोती उतरवणाऱ्या एका हमालाने दाजींना ओळखलं. "कावीळ आली रे!" चार-पाच धिप्पाड माणसं जवळ आली. दाजींनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि कवळी दाखवली.

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हातारा घरी बसलाय," एक जण म्हणाला. "सात आणि साठ सारखंच ऐकू यायला लागलं. बाजारात मारामारी व्हायची वेळ आली. चला, दाखवतो घर."

दार भोंग्याच्या बायकोने उघडलं. कवळी पाहून तिचा चेहरा पडला. "एवढी काय घाई होती, भाऊ? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू येतोय."

आत भोंगा कुस्करलेलं केळं खात बसला होता. दाजींना पाहून तो ताडकन उठला. "हफायला आलाफ?"

"नाही. ही घालून बघा बरं," दाजी म्हणाले. "तुम्ही जरा उजेडात बसता का? बसा असे."

भोंग्याने कवळी हिसकून तोंडात बसवली आणि डोळे वटारले. "हे 'तुम्ही' काय लावलंयस? मला अहो-जाहो करायचं नाही. मी काय मेलोय?"

"बरं. मग तोंड उघड, कैद्या."

आता कुठे भोंग्याला बरं वाटलं. त्याने तोंड उघडलं. दाजींनी कवळी उतरवून बराच वेळ आत पाहिलं आणि ती परत बसवली. हिरड्या झिजलेल्या, एका जागी सोलवटलेल्या. "नवीन करायला लागेल. आमच्या डॉक्टरकडे ये, माप देऊन जा. करतो मी."

"मॅच नसताना तुमच्या गावात? मेलो तरी येणार नाही!"

"येतील हो," बायको दारातून म्हणाली. तोंडाला पदर लावून ती हसत होती की हळहळत होती, ते कळलं नाही. "बाजार बंद पडला तर हे दिवसभर घरात. त्यापेक्षा ओरडू देत."

भोंगा आला. कोटाच्या आत पट्ट्यांचा शर्ट घालून आला आणि दवाखान्याच्या बाकावर मुद्दाम कोटाची बटणं उघडी टाकून बसला. बातमी दुपारपर्यंत गावभर. सेक्रेटरी तरातरा घरी आले. "दाजी, लोक दुश्मनाचे दात घशात घालतात. तुम्ही तोंडात बसवताय!"

मीही सुचवून पाहिलं, "निदान दात पिवळे तरी करा."

"त्या वयाचे दात तसेही पिवळसरच असतात," दाजी म्हणाले. पण भोंग्याने रंगाचे नमुने पाहिले तेव्हा तो दवाखान्याचं छप्पर उडेल असा ओरडला. पिवळसर छटा त्याला चालणार नव्हती; पांढरेशुभ्र हवेत आणि जमलं तर मधे मधे एक काळा. काळ्यावरून दोघांची तासभर जुंपली. डॉक्टरने दोघांना बाहेर काढून दार लावून घेतलं. शेवटी न्हाणीघराच्या फरशीसारखे पांढरे दात ठरले.

पुढची मॅच आमच्या मैदानावर होती. भोंगा पाहुण्यांच्या जाळीत उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. एकेक अक्षर सुटं, खणखणीत. आमच्या खेळाडूंच्या बापांपासून आमच्या बसच्या टायरांपर्यंत त्याने काही सोडलं नाही, आणि सर्वांत जास्त प्रसाद दाजींना मिळाला. "ऐका आता!" सेक्रेटरी दाजींवर खेकसले. त्यात पट्टेवाल्यांनी लागोपाठ गोल ठोकले. आमचे लोक डोकं धरून बसले. दाजींचं मात्र मैदानाकडे लक्षच नव्हतं. भोंग्याच्या प्रत्येक आरोळीला ते पुढे वाकून डोळे बारीक करत आणि माझ्या बरगडीत कोपर मारत. "हलली नाही. बघितलंस? तसूभर हलली नाही."

क्लबात महिनाभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. दाजींना फरक पडला नाही. त्यांना घरी तसलीच सवय. पण भोंग्याच्या ओळखीने पट्टेवाल्यांचे आणखी म्हातारे आमच्या डॉक्टरकडे यायला लागले, आणि आज त्यांचा अर्धा स्टँड दाजींच्या दातांनी आम्हाला शिव्या देतो. सेक्रेटरींना स्वतःला नवी दाढ बसवायची वेळ आली तेव्हा तेही मुकाट्याने मागच्या दाराने आले.

मैत्री झाली असं दोघांपैकी कुणी कबूल करणार नाही. जाणं-येणं नाही, फोन नाही. पण मागच्या वर्षी ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डाच्या दारात गडबड ऐकू आली. भोंगा आणि त्याची बायको. ती डबा घेऊन थेट आत शिरली. नर्सने भोंग्याला अडवलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

भोंगा विचारात पडला. नातं त्याने कधी शोधलंच नव्हतं. "पेशंटच्या नवऱ्याचा विरोधक," तो म्हणाला.

नर्सने वर-खाली पाहिलं आणि सोडला आत. तो दाजींच्या शेजारी बाकावर टेकला. मग भोंगा खालच्या आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने खालच्या, म्हणाला, "मागच्या मॅचला तुमचा गोल ऑफसाइड होता."

"डोळे पण बदलून आण," दाजी म्हणाले.

ताई सांगते, दोघांना वॉर्डाबाहेर हाकलल्यावरच तिला जरा डोळा लागला.