पिल्लू आणि ह्यांचा दहावा

पिल्लू आमच्या घरात आलं ते माझ्या परवानगीशिवाय. ह्यांनी उल्हासनगरमधून ते उचललं आणि थेट कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणून सोडलं. काळं-पांढरं, एक कान उभा, एक पडलेला. विकणाऱ्याने ह्यांना बजावलं होतं, "साहब, इसको दौड़ाना पड़ेगा, नहीं तो घर खाएगा." ह्यांनी ते मला सांगितलं नाही. मेंढ्या हाकणाऱ्या जातीचं कुत्रं आहे, एवढंच कौतुकाने म्हणाले. आमच्याकडे मेंढ्या कुठे आहेत, असं मी विचारलं, तर म्हणाले, आपण दोघं आहोत ना.

रिटायर झालेल्या माणसाला उद्योग हवा असतो हे मला मान्य आहे. पण त्या उद्योगाने डायनिंग टेबलाचा एक पाय कुरतडला, टीव्हीचा रिमोट चावून ठेवला, गॅलरीतला कढीपत्ता मुळासकट उपटला आणि सोफ्याच्या पोटातला कापूस हॉलभर पसरला. हळदीकुंकवाला बायका आल्या, तर ह्या पठ्ठ्याने त्यांच्याभोवती गोल गोल फिरून, टाचांना नाक लावून, सगळ्यांना फ्रिजपाशी एका कोपऱ्यात उभं केलं आणि समोर बसून राहिला. एकीलाही हलू देईना. मी लाजेने मेले. हे आतल्या खोलीत हसत होते.

सांभाळलं मात्र ह्यांनीच. उजाडताच त्याला चिखलोलीच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर पळवायचे. घरात त्याचं डोकं गुंतवायला जुन्या मोज्यात भाकरीचे तुकडे बांधून, तो मोजा कुठेतरी लपवून ठेवायचे. पिल्लू शोधत बसायचं. पाय आणि डोकं दोन्ही दमली तरच ते झोपतं, असा ह्यांचा सिद्धांत होता. कंपनीत कामगारांच्या शिफ्टा लावायचे तशा त्याच्या शिफ्टा लावल्या होत्या. मी नावं ठेवत होते, पण संध्याकाळी दोघं दमून एकाच पंख्याखाली पसरले की मला बरं वाटायचं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण ह्यांना कळत असावं.

मग एका सकाळी चहा पिता पिता हे गेले. कप खाली ठेवला आणि गेले.

पुण्याहून मुलगा आला, दीर आले, घर माणसांनी भरलं. पिल्लाला आता कोण पळवणार? त्याने बाथरूमचं दार खरवडलं, ह्यांच्या बाजूची गादी फाडली. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. दर संध्याकाळी ते घरभर फिरून माणसं तपासायचं. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, बेडरूम, आणि परत हॉल. सगळ्यांना हुंगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याच्या हिशेबात एक माणूस कमी पडत होतं. बाकी सगळे कागदपत्रं आणि तेराव्याचा स्वयंपाक यांत बुडालेले. ह्यांना अजून शोधणारं त्या घरात ते एकटंच होतं. म्हणून मला ते हवं होतं. माझे गुडघे दुखतात, मी त्याला पळवू शकत नाही, हे सगळं मला कळत होतं, तरी हवं होतं.

मुलाने आणि दिरांनी आधीच ठरवलं होतं. ह्यांच्या कंपनीतले एक जण सोनिवलीचे, घरची शेती आणि शेळ्या. ते न्यायला तयार होते. मी नाही म्हणत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, दहावा होऊ दे, मग बघू."

दहाव्याला नदीवर गेलो. पिल्लाला घरी एकटं सोडायची सोय नव्हती, म्हणून मुलाने त्यालाही गाडीत घातलं. पिंड मांडले, सगळे मागे सरकले. झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही उतरेना. पिल्लू पट्ट्याला धरलेलं, पण पोट जमिनीला लावून, नजर कावळ्यांवर रोखून बसलं होतं. एखादा कावळा खालच्या फांदीवर आला की ते तसूभर पुढे सरकायचं आणि कावळा परत वर जायचा.

माझ्याशिवाय कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे ह्यांचा जीव कशात अडकलाय ते शोधत होते. दीर म्हणाले, "दादा, पोराचं लग्न थाटात करू." कावळा आला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं पडू देणार नाही." तरी नाही. मग गुरुजी म्हणाले, वहिनींना बोलू द्या.

मी हात जोडले. "पिल्लाला मी सांभाळीन," म्हटलं. "कुठे पाठवणार नाही."

कावळे वरच.

तेवढ्यात पिल्लू पट्टा ओढून केकाटायला लागलं. "त्याला आधी गाडीत कोंब," दीर मुलावर खेकसले. मुलगा त्याला ओढत घेऊन गेला. गाडीचं दार लागलं, आणि दिरांनी हात जोडले. "दादा, पिल्लू सोनिवलीला शेतावर देतो. सुखात राहील."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

बायका रडायला लागल्या. दिरांनी डोळे पुसले. मुलगा धावत आला आणि मला जवळ घेऊन म्हणाला, "बघ आई, बाबांनाही तेच हवं होतं." मी म्हटलं, "अरे, पिल्लू गेलं म्हणून कावळा आला." दोनदा म्हटलं. दीर हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, कावळा शिवल्यावर वाद घालू नये." माझं आयुष्य ज्यांच्यासोबत गेलं त्यांना काय हवं होतं, ते एका कावळ्याने ठरवलं होतं.

तेरावा झाल्यावर पिल्लाला सोनिवलीला नेलं. आधी ते माझ्या साडीला चिकटून उभं राहिलं. मग त्याला शेळ्या दिसल्या. अंगात वारं भरल्यासारखं सुटलं ते. लांबून वळसा घालून गेलं, आणि बघता बघता विखुरलेल्या शेळ्या एका जागी आल्या. कोणी शिकवलं नव्हतं. इतकं आनंदी मी त्याला कधी बघितलं नव्हतं. ते चुकीच्या घरात होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि त्याने माझं दुःख जराही कमी झालं नाही.

मी फाटकाकडे निघाले, तर ते शेळ्या सोडून धावत आलं. माझ्या पुढ्यात आडवं झालं, मग मागे जाऊन टाचेला नाक लावलं. शेळ्यांकडे चल म्हणत होतं. मी दोन पावलं त्याच्याबरोबर गेलेही. शेवटी शेळीवाल्या भाऊंनी त्याचा पट्टा घट्ट धरला.

"वयनी, तुमी निंगा आता," ते म्हणाले. "मागं वलून बगू नका."

स्मशानातून निघताना असंच सांगतात म्हणे. ह्यांना नेलं तेव्हा मी घरीच होते. आमच्यात बायका जात नाहीत. त्यामुळे मागे वळू नको, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मी वळून बघितलं.