तळ्यातला उंबरा
लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं हसनाबादच्या पुढं, डोंगराखालच्या तळ्याकाठी, खास जोडप्यांसाठी बांधलेल्या कॉटेजमध्ये राहिलो होतो. उन्हाळ्यामुळं पाणी हटलं होतं आणि तळ्यात बुडालेल्या जुन्या गावाचे दगडी चौथरे उघडे पडले होते. सकाळचा चहा झाल्यावर आम्ही तिथं उतरलो. एका उंबऱ्यापाशी ह्यांनी चप्पल काढली आणि चांगलं वाकून आत पाऊल टाकलं. वर तर नुसतं आभाळ होतं.

कॉटेज सांभाळणाऱ्या मावशी आमच्या मागं उभ्या होत्या. त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, हे आमचं घर. दार लई बुटकं होतं. तुम्ही कधी आल्ते इथं?"

"न्हाई, बिलकुल न्हाई," हे म्हणाले. त्यांचा जन्म जुन्या जालन्यातला. इकडं ते कधीच आले नव्हते.

जेवायलाही न थांबता आम्ही निघालो. मग गाडी चालवता चालवता ह्यांनी विचारलं, "उंबऱ्यापाशी 'डोकं सांभाळा' असं तूच म्हणालीस ना?"

मी काहीच बोलले नव्हते. पण त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि माझ्याकडं बघत राहिले, म्हणून मी हो म्हणाले.