दोन अर्थिंग

आबा एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "गप. ऐक." मग आपण श्वास रोखून स्पीकरकडे बघत बसायचं. गाणं लागलेलं नसायचं, नुसती घरघर. बोट खाली आलं की निकाल यायचा, "हाय अजून."

गावोगावच्या लग्नांत लाऊडस्पीकर लावण्यात आबांची हयात गेली. म्हातारपणी ते वडवणीच्या पलीकडे शेतातल्या वस्तीवर राहायला गेले. तिथे लाईनचे खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. म्हणून मी त्यांना सोलार बसवून दिलं. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं माझ्या हातचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, दोष सापडेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. मला तेव्हा ती कटकट वाटायची.

त्यांच्याकडे भजनाची एक कॅसेट होती. रेकॉर्डिंग चालू असताना मागून त्यांची बायको बोलली होती, "अवो, भाकर गार व्हायली. ते डबडं बंद करा की." बस, एवढंच. बाई जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. सोलारवर टेप लावला की तो घरघरीत बुडायचा.

मी म्हणालो, "आबा, मोबाईलवर उतरवून घेऊ. कॅसेटचा काय भरवसा?"

"आन् तिच्यासंगं घरघर बी उतरंल की. आदी ही काडू, मग घेऊ."

त्यांनी इन्व्हर्टर बाजूला काढून टेप थेट बॅटरीवर घेतला. स्पीकरच्या तारा पॅनलच्या तारांपासून हातभर लांब नेल्या. घरघर कमी व्हायची, जायची नाही. प्रत्येक बदलानंतर तपासायला तीच कॅसेट, तीच जागा. दुसरी लावा म्हटलं तर म्हणायचे, "दुसरीत मला काय कळतंय?"

घरघरीचं खरं कारण त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. मी दोन ठिकाणी अर्थिंग केलं होतं, एक खड्डा पॅनलजवळ, एक घरामागे. कोरड्या जमिनीत अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालावं लागतं. टँकरचं पाणी खड्ड्यात ओततात म्हणून सून बोलायची, तरी आबा ओतायचे. "घरामागच्याला पानी घातलं की घरघर बदलती. ह्ये दोन खड्डे एकमेकाला जोडले कावून न्हाईत?"

वस्तीवरची चार माणसं बसली होती. मी हसलो. "आबा, भोंग्याचे दिवस गेले. ह्यातलं तुमाला न्हाई कळायचं." माणसंही हसली. आबा बरोबर आहेत हे मला तिथेच, हसता हसता कळलं होतं. दोन अर्थिंग सुटे राहिले की त्यांच्यातला फरक स्पीकरमध्ये घरघर होऊन येतो. जाड तारेनं दोन्ही खड्डे जोडायला अर्धा दिवस पुरला असता. पण मग चूक माझी ठरली असती, आणि त्या वस्तीवर मला अजून तीन घरांत सोलार बसवायचं होतं. हलकटपणा म्हणतात तो हाच.

दोन वर्षांनी, ती तिन्ही घरं झाल्यावर, मी तार घेऊन गेलो आणि खड्डे जोडले. आबांनी बोट वर केलं. स्पीकर मुका होता. त्यांचा चेहरा लग्नातल्या पोरासारखा फुलला. मग त्यांनी कॅसेट लावली. भजन पुसट आलं. ती बोलायची त्या जागी नुसती खसखस. मागेपुढे करून करून तेवढीच पट्टी झिजली होती, आणि घरघर होती तोवर ते आम्हाला कळलंच नव्हतं.

आबांनी ती जागा चारदा लावली. मग टेप बंद करून विचारलं, "ह्या खड्ड्यांचं तुला कदी कळलं?"

"आज," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. तो चहा मी प्यालो.

त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मयतीला त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आबा सांगून गेलेत. सोलारचं काय बी बिघडलं तर तुमालाच बोलवायचं. तुमच्याबिगर त्यातलं कुनाला कळत न्हाई म्हनले."

बोलावणं आलं की मी जातो. नाही म्हणायला तोंड नाही.