नंबर लावलेली कंदीलपुष्पं

यंदा भाद्रपदातल्या एका गुरुवारी सकाळी, चाकणच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर दुर्मिळ कंदीलपुष्पाची वीस रोपं कंदासकट खणून नेलेली आढळली. खड्डे वीतभर खोल होते आणि त्यांच्या कडा सरळ होत्या. काम हत्याराने आणि सवडीने झालं होतं. प्रत्येक खड्ड्याशेजारी माझ्या वडिलांनी लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पत्री जागच्या जागी होती.

त्या पत्र्या तिथे कशा आल्या, हे सांगायचं तर माझ्या वयाच्या दहाव्या वर्षात जावं लागेल. आम्ही भोसरीत एका खोलीत राहत होतो. वडील लातूरकडून आलेले, एका वर्कशॉपमध्ये फिटर. घरात कटिंग ऑइलचा वास असे — त्यांच्या शर्टाला, टॉवेलला, आईने राखेने कितीही घासला तरी डब्याच्या कडीलाही... कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळेचीही तीच. त्यामुळे आमचा रविवार गुरुवारी उजाडे. पावसाळा उतरणीला लागला की शेजारचे गॅरेजवाले इस्माईलचाचा टेम्पो काढत आणि चार-पाच कुटुंबं चपात्या, शेंगदाण्याची चटणी घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जात.

तिथे तान्हाबाई थांबलेल्या असायच्या. जन्मभर त्या डोंगरावर गुरं राखलेल्या या बाई आम्हाला रानफुलं दाखवायला नेत. अर्ध्या वाटेवर एक मोठा धोंडा होता. तिथे त्या मागे वळत.

"चपला हितं काढा. काय तुडवतोय ते पायाला कळतं. बुटाला न्हाई कळत."

मग अनवाणी चाल — ओला कातळ, त्यावरचं बुळबुळीत शेवाळ, तेरड्याचे गुलाबी पट्टे, सोनकीची पिवळी पसरण, धुक्यातून अचानक येणारा शेणाचा आणि कुजक्या पानांचा ऊबदार वास... आणि शेवटी, गुडघे टेकून पाहायचं ते कंदीलपुष्प. गवताच्या पात्यांत गवतासारखंच उभं. वर हिरवट-जांभळा, तळाशी फुगलेला इवलासा कंदील, पाकळ्यांची टोकं वर जुळलेली.

"आत माशी अडकलीया," तान्हाबाई कुजबुजत. "उद्या सोडील तिला. आमच्या आज्यानं दुष्काळात ह्याचं कंद खाल्लं, पर बी धरायच्या आदी कधी उपटलं न्हाई."

ते ऐकतानाच माझा पाय मागे पडला आणि दुसरं एक रोप मोडलं. तान्हाबाई ओरडल्या नाहीत. तुटलेला कंदील त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो आता पुढल्या वर्सालाच," म्हणाल्या.

वडिलांनी ते पाहिलं. पुढच्या गुरुवारी ते खिशातून पत्र्या घेऊन आले — वर्कशॉपमधल्या कतरणीच्या, नंबर पंचाने आकडे ठोकलेल्या, सळईच्या तुकड्याला बांधलेल्या. ज्या जॉबला, म्हणजे घडवायला आलेल्या भागाला, नंबर नाही तो हरवतो, हा त्यांचा कामाचा अनुभव होता. त्यांनी प्रत्येक रोपाशेजारी एकेक रोवली.

इस्माईलचाचा कमरेवर हात ठेवून हसले. "वा राव! झाडांचीपण हजेरी लावली तुम्ही. आता ओव्हरटाइम कोण देणार यांना?"

"हसा, हसा. नंबर दिसला की माणूस पाय ठेवत नसतंय," वडील म्हणाले.

आणि खरोखरच पुढे कुणाचा पाय पडला नाही. पाच-सहा पावसाळ्यांत पत्र्या वीस झाल्या.

गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी हिंजवडी-मारुंजीकडून सहलींच्या बस येऊ लागल्या. माणसं फुलं पाहायला येतात याचा राग नाही. आम्हीही तेच करत होतो. राग याचा आहे की धोंड्यापाशी कुणी थांबलं नाही. तान्हाबाईंनी चपलांचं सांगितलं, तर त्यांना "आजी, जरा फ्रेममधून बाजूला व्हा" असं ऐकावं लागलं. एका सहलीच्या जाहिरातीत कंदीलपुष्पाचा फोटो आहे. शेजारच्या पत्रीवरचा ७ स्पष्ट वाचता येतो. खाली जागेचा नकाशा आहे, बोट ठेवलं की थेट तिथे नेणारा.

कुणी खणलं, याचा पुरावा माझ्याकडे नाही. एवढं मी स्वतः पाहिलं आहे: वरच्या अंगाला नंबर नसलेली, गवतात दडलेली रोपं आहेत. त्यांतल्या एकालाही हात लागलेला नाही.

हे कळल्यावर वडील खड्ड्याशेजारी खाली बसले. "पत्ता मीच लिहून दिला की," म्हणाले.

"तुमी राखायसाठी लावलं व्हतं, भाऊ," तान्हाबाई म्हणाल्या. "तुमाला कोन काय म्हननार?"

दुसऱ्या दिवशी वडील तक्रार घेऊन वन खात्याच्या कार्यालयात गेले. मी सोबत होते. टेबलापलीकडच्या माणसाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"काका, गवतच ना हे?"

"गवत न्हवं. कंदीलपुष्प."

"आणि बरोब्बर वीस, हे कशावरून?"

"नंबर मीच लावलेत."

त्याने पेन उघडलं. आधीचं काही त्याने लिहून घेतलं नव्हतं. हे वाक्य घेतलं, आणि वडिलांना त्याखाली सही करायला सांगितली. त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली.

सहलवाल्यांकडे चौकशी झाली का, हे मी दोनदा विचारलं. "प्रक्रिया सुरू आहे," असं उत्तर मिळालं. डोंगराची पाहणी झालेली नाही.

गेल्या सोमवारी भोसरीच्या पत्त्यावर नोटीस आली. वनजमिनीत विनापरवाना धातूच्या वस्तू रोवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असं तीत म्हटलं आहे. ती वडिलांच्या नावे आहे. या प्रकरणात दुसऱ्या कुणालाही नोटीस गेलेली नाही.