विहिरीतला पोहणारा समुद्रात

आमचे हे सौंसरच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे अंदमानला गेल्यावर समुद्राशीही घरच्यासारखेच वागायला लागले. मला पोहता येत नाही. पण प्रवाळात राहणारा तो नारिंगी-पांढरा क्लाउनफिश दोघांनी मिळून बघायचा, या एका हट्टापायी संत्र्यांचा तोडा आटोपल्याबरोबर मी यांना घराबाहेर काढलं होतं.

मास्क आणि श्वासाची नळी कशी लावायची, ते गाइड होडीत समजावून सांगत होता. "पोहणाऱ्याले काय शिकवून राहिला बाप्पा," म्हणत यांनी धाडकन उडी टाकली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. विहिरीत दम लागला की भिंतीतून पुढे आलेल्या दगडावर पाय टेकायचा, ही यांची लहानपणची सवय. तसाच इथेही खाली दगड दिसला म्हणून पाय टेकायला गेले आणि गाइड ओरडलाच. तो दगड नव्हता, जिवंत प्रवाळ होतं.

"मले नाई पाह्याचं. तू जाय," म्हणून हे होडीत फुगून बसले. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मी गाइडच्या तरंगत्या रबरी ट्यूबला धरून गेले. जीव मुठीत धरून तोंड पाण्यात घातलं. प्रवाळाला चिकटून फुलासारख्या पसरलेल्या समुद्रफुलाच्या हलत्या बोटांतून तोच नारिंगी-पांढरा मासा थेट माझ्या तोंडासमोर आला, अंगणात पाय ठेवला म्हणून भांडायला आलेल्या शेजारणीसारखा. सगळ्यात मोठी असते ती मादी, घर तीच चालवते, असं गाइडनं सांगितलं. फार मजा वाटली. पण कोपरानं ढोसायला शेजारी कुणी नव्हतं. मी होडीकडे परतले.

"चाला न जी. मी हाये न संगं."

"तुले पोहता येते का?"

"नाई येत. म्हणूनच त्या गाइडचं सारं ऐकलं."

यांनी मास्क उचलून डोळ्यांवर चढवला. मग नळी नीट दातांत धरून उतरले, हात माझ्या हातात. मासा दिसताच यांनी हात असा दाबला की माझी बांगडी रुतली.

लग्नापासून सौंसरच्या बाजारात मी यांची पाठच बघत आलेय. हे पुढे, मी मागे. त्या सकाळी आम्ही शेजारी शेजारी तरंगत होतो, आणि गाइडनं परत फिरायला सांगितलं तरी हेच माझा हात सोडत नव्हते.