टाकी न उघडणारा खुशालराव

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडमागे खुशालरावाचं पत्र्याचं दुकान आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. हॉर्न, दिवे, सेल्फ, आणि मुख्य म्हणजे डॅशबोर्डमधले मीटर. मीटरच्या कामात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नाही, म्हणून सगळे त्याला मीटरवालाच म्हणतात. वय छप्पन्न. बोलणं कमी. चहा पितानासुद्धा तो रस्त्याकडे पाठ करून बसतो.

त्याच्याबद्दल एक गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. चौतीस वर्षांत त्याने एकाही गाडीची पेट्रोलची टाकी उघडली नव्हती.

बाविसाव्या वर्षी तो अकोल्याला एका वर्कशॉपमध्ये होता. पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवत असेल तर पहिली तपासणी साधी असते. टाकीकडून येणारी वायर काढायची आणि गाडीच्या पत्र्याला टेकवायची. काटा सरसर फुलपर्यंत चढला तर मीटर चांगला. दोष टाकीतल्या फ्लोटमध्ये, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या त्या भांड्यात. वायर टेकवताना बारीकशी ठिणगी उडते. त्या दिवशी टाकी उघडी आहे हे त्याने पाहिलं नाही. त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. शेजारी जीवन नावाचा पोरगा वाकून उभा होता, त्याचं तोंड भाजलं. जीवन वाचला, पण त्याने ते कामच सोडलं. खुशालराव दोनदा त्याला भेटायला दवाखान्याच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा तिथूनच परतला.

तेव्हापासून तो ती तपासणी डॅशबोर्डच्या बाजूने करायचा, टाकीपासून लांब. दोष टाकीत निघाला की काहीतरी कारण सांगायचा. पाना नाही, जॅक नाही, हे काम गॅरेजच्या मेस्त्रीचं. लोकांना वाटे, माणूस आपल्या कामापुरतं पाहतो. भीती वाटते हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात वामनराव आले. अडुसष्ट वर्षांचे शेतकरी, कपाशीची जमीन, आणि एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेली सत्त्याण्णव सालची पांढरी गाडी.

"अबे खुशाल, हा काटा माह्यापेक्षा आळशी झाला. टाकी फुल केली तरी अर्ध्यावरच बसून रायते."

खुशालरावाने तपासलं. मीटर चांगला होता. फ्लोट झिजलेला.

"भाऊ, टाकीचं काम हाय. मेस्त्रीकडं न्या."

"मेस्त्री लग्नाले गेला बाहेरगावी. पुढच्या रविवारी आमच्या नातीची, रागिणीची, डाक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा हाय अकोल्याले. तूच कर ना बाप्पा. तुले काय अवघड?"

त्या वेळी दोन शब्द बोलायचे होते. ते काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तो म्हणाला, "संध्याकाळी या."

दुपारी त्याने टाकीला हातही न लावता डॅशबोर्डमागे टाकीकडून येणाऱ्या वायरला काट्याला फसवणारा एक छोटा रेझिस्टन्स जोडला. काटा वर सरकला. टाकी भरलेलीच होती, काटाही बरोबर फुलवर आला. वामनराव खूश झाले. पण असा काटा भरलेल्या टाकीवरच खरं बोलतो. पेट्रोल उतरत गेलं की तो मागे राहतो, आणि टाकी कोरडी झाली तरी पावाच्या खाली येत नाही. खुशालरावाला हे माहीत होतं. मेस्त्री परत येईपर्यंत एवढं चालून जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी साडेदहाला तो वामनरावांच्या घरावरून जात होता. अंगणात माणिकबाई, वामनरावांच्या पत्नी, कुरडया वाळत घालत होत्या.

"गेले का वहिनी?"

"दहालेच गेले. दीड वाजता गेट बंद होते म्हणते पोरगी."

"पेट्रोल भरलं ना?"

"कायले? आठ दिवस गाडी वावरात फिरून रायली, तरी काटा अर्ध्यावर हाय. म्हणे, जाऊन येऊन होते. लई बेस केलं म्हणे खुशालनं काम."

खुशालरावाने स्कूटर बंद केली. त्या काट्यावर अर्धा म्हणजे टाकीत जेमतेम तीन लिटर. अकोला पासष्ट किलोमीटर.

"फोन लावा वहिनी. आत्ता लावा."

"कोणाले लावू? पोरीनं फोन नेलाच नाई, आत घेऊच देत नाई म्हणे. अन् यांचा फोन तो काय, चार्जिंगले लावून रायला."

गाडी अडवायला त्याने वाटेवरच्या अकोटच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो अमरावतीला लग्नात होता. मागे बँड वाजत होता, काही ऐकूच गेलं नाही त्याला.

गाडी बंद पडणार एवढ्यावर भागणार नव्हतं. काटा पाव टाकी दाखवत असताना पेट्रोल संपलं, हे वामनरावांच्या डोक्यात कसं येणार? ते बॉनेट उघडून इंजिनातच शोधत बसणार, भर उन्हात, आणि घड्याळ पुढे सरकत राहणार. पोरीचं वर्ष जाणार.

एवढं कळत असूनही पंपावर तो पाच लिटरची प्लॅस्टिकची कॅन हातात धरून पंधरा मिनिटं बाजूला उभा राहिला. माणसं आली, भरून गेली. शेवटी पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, पेट्रोल भरता का सावली पायता?"

त्याने कॅन भरून घेतली. पायांच्या मध्ये ठेवून स्कूटर सुरू केली, तेव्हा अकरा वाजले होते.

ऊन चव्वेचाळीसच्या वर होतं. अकोट यायच्या आतच कॅनच्या बाजू फुगल्या. त्याने स्कूटर थांबवली. झाकण उघडावं तर वाफ बाहेर येणार, न उघडावं तर कॅन फुटेल असं वाटत होतं. खाली इंजिन तापलेलं. हात मागे घेत घेत त्याने झाकण एक आटा सैल केलं. फुस्स आवाज झाला आणि तो दोन पावलं मागे उडाला. तोच वास, चौतीस वर्षांपूर्वीचा. नंतर त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, हापशावर भिजवला आणि कॅनभोवती गुंडाळला. उघड्या डोक्याने पुन्हा स्कूटरवर बसला. दर चार-पाच किलोमीटरवर थांबायचं, झाकण सैल करायचं, आवळायचं. रस्त्यात बिडी ओढणारा माणूस दिसला तरी तो स्कूटर पार दुसऱ्या कडेला घ्यायचा.

अकोट ओलांडून चोहोट्टा गावाच्या पुढे, सव्वाबाराला, पांढरी गाडी दिसली. बॉनेट उघडं होतं. अकोल्याहून येणारा एक ट्रक ड्रायव्हर प्लगची वायर पत्र्याजवळ धरून उभा होता आणि वामनराव आत बसून सेल्फ मारत होते. रागिणी बाभळीच्या विरळ सावलीत हॉलतिकीट छातीशी धरून बसली होती. तोंड उन्हाने लाल झालेलं. तासाभरात एकच एसटी गेली होती, तीही खचाखच भरलेली, न थांबता.

"करंट बंद करा!" खुशालराव लांबूनच ओरडला. "ते वायर सोडा!"

"खुशाल? तू कसा रे इथं? पाय ना, करंट येऊन रायला, काटा पाववर हाय, तरी सुरूच होत नाई."

"पेट्रोल संपलं भाऊ."

"असं कसं? काटा—"

"काटा खोटा हाय. म्या केला तसा. टाकी उघडलीच नाई म्या."

वामनराव दार उघडून बाहेर आले. ड्रायव्हरने वायर सोडून दिली. रागिणी उठून जवळ आली होती. ती म्हणाली, "आबाजी, भांडण मंग करजा. बारा वीस झाले."

टाकीत ओतताना त्याने कॅन अंगापासून लांब धरली, अर्धा लिटर पेट्रोल रस्त्यावरच सांडलं. पण तेवढ्याने भागलं नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली होती. पंप पेट्रोल इंजिनापर्यंत ओढेपर्यंत ती टिकणार नव्हती. झटपट उपाय एकच होता. कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतायचं आणि लगेच सेल्फ मारायचा. उलटा भडका आला तर तो ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

"मी ओततो," ड्रायव्हर म्हणाला.

खुशालरावाला त्याच्या हातात झाकण देऊन टाकावंसं फार वाटलं. त्याने ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहिलं. तिशीच्या आतलाच होता. "तू दूर हो," तो म्हणाला. "रागिणीले बी दूर घे."

त्याने तोंड वळवलं, हात लांब केला, ओतलं, मागे सरला. "मारा!"

इंजिन एकदा खोकलं. पुन्हा ओतावं लागलं. दुसऱ्या वेळी कार्बोरेटरमधून टप्प असा आवाज आला, निळसर जाळ वीतभर वर आला आणि विझला. खुशालरावाने हातातलं झाकण रस्त्यावर फेकलं. पण इंजिन चालू झालं होतं.

रागिणीने दार लावलं आणि गाडी गेली. बारा पस्तीस झाले होते.

त्याला घरी परतता आलं असतं. तो हळूहळू अकोल्याला गेला. पोचला तेव्हा गेट बंद झालेलं. बाहेर आईबापांची गर्दी झाडाखाली टेकलेली. वामनरावांना शोधायचं आणि ते दिसू नयेत असंही वाटायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी वामनरावांनीच हाक मारली.

"बस इथं. पोरगी गेली आत. शहरात गर्दीत अडकलो, तीन मिनिटं होते बाकी."

दोघं बसले. वामनराव म्हणाले, "टाकी काहून नाई उघडली रे?"

"भेव लागते मले."

"कायचं?"

त्याने बाही वर करून डावा हात दाखवला, जीवनचंही सांगितलं. वामनरावांनी हाताकडे पाहिलं. "मंग असं सांगाचं ना लेका. म्या गाडी अकोल्याले दाखवली असती. पोरीचा जीव टांगणीले लावला तू."

खुशालरावाने बाही खाली ओढली.

पाच वाजून गेल्यावर रागिणी बाहेर आली. पेपर कसा गेला म्हणून आजोबांनी विचारलं. "बायोलॉजी चांगलं गेलं," ती म्हणाली. "पयले अर्धा तास हातच थरथरत होते. उत्तराचे गोल बी भरता येत नव्हते."

"अर्ध्या तासात किती प्रश्न होतात?" खुशालरावाने घाबरत विचारलं.

"तीसेक होतात काका."

ती रागाने म्हणाली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आता टाकीचं काम घेऊन कोणी आलं की खुशालराव सरळ सांगतो, मले भेव लागते, मेस्त्रीकडं न्या. काहीजण हसतात. दोघं-तिघं परत आलेच नाहीत. वामनरावांच्या गाडीत मेस्त्रीने नवा फ्लोट बसवला आहे, आणि ती गाडी दुकानासमोरून जाताना ते कधी हॉर्न वाजवतात, कधी वाजवत नाहीत.

रागिणीचा निकाल जूनमध्ये आहे. दुकानातल्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटायची वेळ आली तेव्हा खुशालरावाने ते दोन दिवस तसंच राहू दिलं. मग उलटलं. तीस प्रश्नांना किती मार्क असतात, हे त्याने अजून कोणाला विचारलेलं नाही.